आभारप्रदर्शन झाले, रजेचे काय?

शेवंती | ३० नोव्हेंबर २०२५

नमस्कार. प्रश्न अमेरिकेतल्या रजेच्या नियमांविषयी आहे. थोडी पार्श्वभूमी सांगावी लागेल, कारण तिच्याशिवाय अडचण नेमकी कुठे आहे ते कळणार नाही.

आम्ही टेक्सासमध्ये राहतो. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत आणि गेली नऊ वर्षे आमच्याकडेच असतात. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्या बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, त्यानंतरचे तीन आठवडे पुनर्वसन केंद्रात गेले आणि १० नोव्हेंबरला त्या घरी आल्या. डोके अजूनही इतके तल्लख आहे की भाजीवाल्याचा हिशेब आजही माझ्या आधी त्यांचा होतो, पण पलंगावरून उठताना, कमोडवर बसताना आणि रात्री कूस बदलताना जवळ कोणीतरी लागतेच. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा येऊन तासभर व्यायाम करून घेते. तिचे आणि औषधांचे पैसे विमा भरतो. दिवसाचे उरलेले तेवीस तास मात्र विम्याच्या हिशेबात कुठेच नाहीत. घरी येणारी मदतनीस तासाला ३२ डॉलर घेते आणि तिची एजन्सी चार तासांहून कमी वेळेसाठी कोणाला पाठवत नाही.

मी सुमारे २५० माणसांच्या कंपनीत अकाउंट्समध्ये सहा वर्षे काम करते. वर्षाच्या पंधरा पीटीओंपैकी (पगारी सुट्टीच्या दिवसांपैकी) बारा ऑक्टोबरातच संपले. म्हणून मी एफएमएलए या कौटुंबिक आणि वैद्यकीय रजेच्या केंद्रीय कायद्याखाली बारा आठवड्यांच्या रजेचा अर्ज केला. ती बिनपगारी असते हे ठाऊक होते, पण निदान नोकरी टिकली असती. एचआरचे उत्तर दोन ओळींचे होते: या कायद्यातील ‘पालक’ या शब्दात सासू-सासरे येत नाहीत. मग नवऱ्याने अर्ज करावा असे ठरवले, तर त्याच्या कंपनीत ३४ माणसे, आणि पन्नासाहून कमी माणसांच्या कंपनीला हा कायदाच लागू होत नाही. म्हणजे ज्याची आई आहे त्याला कायदा नाही, आणि जिला कायदा आहे तिची ती आई नाही.

आता यातला दुसरा भाग, जो विचारावा की नाही या संभ्रमात मी दोन दिवस होते. नोव्हेंबर हा इथे कुटुंबातील आजारी माणसांची काळजी घेणाऱ्यांच्या गौरवाचा महिना मानतात. माझ्या अर्जाला नकार आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी कंपनीकडून सर्वांना एक सुंदर ईमेल आला. त्यात अशा माणसांच्या निःस्वार्थ सेवेविषयी कृतज्ञता होती आणि सोबत २५ डॉलरचे कॉफीचे कार्ड होते. (कार्ड मी वापरले. कॉफी चांगली होती, हे कबूल करते.) त्यानंतर थँक्सगिव्हिंगला दीर, जाऊ आणि मुले कॅलिफोर्नियाहून चार दिवसांसाठी आली. जेवणाआधी प्रत्येकाने आपण कशासाठी कृतज्ञ आहोत ते सांगायचे, ही पद्धत आता आमच्याही घरात रुजली आहे. दीर उभे राहिले, त्यांचा गळा दाटून आला आणि ते म्हणाले, “वहिनी नसत्या तर आईचे काय झाले असते, याचा विचारही करवत नाही.” सगळ्यांचे डोळे पाणावले, माझेही. पण त्याच वेळी समोरच्या खुर्चीतून सासूबाई मला डोळ्यांनी खुणावत होत्या. त्यांना बाथरूमला जायचे होते आणि मुलाचे बोलणे मध्येच तोडायचे नव्हते.

आज सकाळच्या विमानाने मंडळी परत गेली. आपल्याकडे कार्यक्रमात आभारप्रदर्शन सुरू झाले की लोक चपला शोधू लागतात, त्याची आठवण झाली.

तर प्रश्न असा की टेक्सासमध्ये राहणाऱ्या सुनेला, किंवा लहान कंपनीत काम करणाऱ्या मुलाला, रजेचा दुसरा कोणता मार्ग आहे का? आणि कृतज्ञतेचे शब्द ऐकून मला आनंदाऐवजी थकवा का येतो, हे कोणाला समजले असेल तर तेही सांगावे.

निवृत्त_कारकून | ३० नोव्हेंबर २०२५

शेवंतीताई, मी एका उत्पादन कंपनीच्या बेनिफिट्स विभागात बावीस वर्षे काढली आणि रजेचे अर्ज तपासणे हाच त्या काळातला माझा मुख्य उद्योग होता. मी वकील नाही, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

वाईट बातमी आधी सांगतो. तुमच्या एचआरने उद्धटपणा केला असेल, पण चूक केलेली नाही. एफएमएलएवर ५ फेब्रुवारी १९९३ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची सही झाली. त्याआधी थोरल्या बुश यांनी १९९० आणि १९९२ मध्ये त्याच धर्तीचे विधेयक दोनदा परत पाठवले होते. इतक्या ओढाताणीतून निघालेल्या कायद्यात जे काही शिल्लक राहिले, ते असे की पती किंवा पत्नी, अपत्य आणि आईवडील एवढ्यांसाठीच काळजीची रजा मिळते, आणि आईवडिलांच्या व्याख्येत सासू-सासरे नाहीत, असे नियमांत स्पष्ट लिहिले आहे. लहानपणी ज्या व्यक्तीने आईवडिलांच्या जागी राहून आपल्याला वाढवले, तिच्यासाठी ही रजा घेता येते. सून झाल्यावर ज्यांनी सांभाळून घेतले त्यांच्यासाठी नाही. माझ्या टेबलावर असे अर्ज दरवर्षी येत आणि त्यांत सुनांचे प्रमाण किती असे, ते तुम्हाला सांगायला नको. नकाराची पत्रे माझ्याच सहीने जात. एका बाईंनी मला विचारले होते, “मी त्यांना अठरा वर्षे आई म्हणते, मग तुमच्या कागदावर त्या कोण?” त्या रकान्यात काय लिहायचे हे मला माहीत होते, पण त्यांना काय उत्तर द्यायचे ते आजही माहीत नाही.

आता नवऱ्याच्या बाजूने पाहू. ३४ हा आकडा कोणी आणि कसा मोजला, ते एकदा तपासा. पगारपत्रकावरची सर्व माणसे, अर्धवेळ असलेली आणि रजेवर गेलेलीही, धरायची असतात. या वर्षी किंवा गेल्या वर्षी किमान वीस आठवडे ती संख्या पन्नास किंवा अधिक असावी लागते, आणि त्याच्या कामाच्या ठिकाणापासून ७५ मैलांच्या आत पन्नास माणसे असावी लागतात. घरून काम करणारे ज्या कचेरीच्या हाताखाली येतात तिच्यात मोजले जातात. मालकाची दुसरी कंपनी असेल आणि दोन्हींचा कारभार एकत्र चालत असेल, तर काही वेळा दोन्ही मिळून एकच मालक धरला जातो. या मोजणीत संख्या पुरी भरली तर त्याने बारा महिने आणि त्यांपैकी शेवटच्या वर्षात १,२५० तास काम केलेले असले म्हणजे झाले. ही रजा सलगच घ्यावी लागते असेही नाही. डॉक्टरांनी गरज लिहून दिली तर आठवड्यातले दोन दिवस किंवा रोजचे तीन तास अशीही घेता येते, आणि पुष्कळांना हे कोणी सांगतच नाही.

टेक्सासमध्ये खासगी नोकरदारांसाठी राज्याचा पगारी रजेचा कायदा नाही. त्यामुळे तुमच्यासाठी उरते ते कंपनीचे स्वतःचे धोरण. कर्मचारी पुस्तिकेत ‘पर्सनल लीव्ह’ असे कलम बहुधा असते. त्याखाली अर्ज करा, पण रजेच्या काळात आरोग्यविम्याचा कंपनीचा हिस्सा चालू राहील का आणि परत येताना तीच जागा मिळेल का, हे दोन्ही प्रश्न लेखी विचारा. एफएमएलएच्या रजेत विमा चालू ठेवणे मालकावर बंधनकारक असते, तर पर्सनल लीव्हमध्ये ते धोरणावर अवलंबून असते.

आता खरी गोष्ट, जी तुम्ही जाता जाता लिहिली आहे. तुमचे दीर कॅलिफोर्नियात असतात, आणि ते तिथे नोकरी करत असतील असे धरून चालतो. सासूबाई त्यांची आई आहे. कॅलिफोर्नियात पगारी कौटुंबिक रजा २००४ पासून मिळते आणि हे देशातले त्या प्रकारचे पहिले राज्य. बारा महिन्यांत आठ आठवडे मिळतात आणि २०२५ पासून पगाराच्या ७० ते ९० टक्के रक्कम मिळते. कमी पगार असलेल्यांना ९० टक्के. २०२५ साठी आठवड्याची कमाल मर्यादा १,६८१ डॉलर होती. आजारी माणूस कॅलिफोर्नियातच राहत असला पाहिजे अशी अट नाही. हे पैसे मालकाच्या खिशातून जात नाहीत, तर प्रत्येक पगारातून ‘एसडीआय’ (राज्याचा अपंगत्व विमा) या नावाने जी कपात होते (२०२५ मध्ये १.२ टक्के) तिच्यातून येतात. म्हणजे तुमच्या दिरांनी या रजेचा हप्ता आधीच भरलेला आहे. नोकरी राखण्याचा प्रश्न वेगळा. पण तिथल्या राज्याच्या कायद्याखाली पाच माणसांच्या कंपनीलाही बारा आठवड्यांपर्यंत जागा राखावी लागते, कामाच्या तासांची अट एफएमएलएसारखीच आहे. पूर्वी मालक आधी दोन आठवड्यांची साठवलेली सुट्टी वापरायला लावू शकत असे. १ जानेवारी २०२५ पासून तेही बंद झाले.

टेबलाशी उभे राहून ज्यांनी तुमचे आभार मानले, पगारी रजेचा हक्क बहुधा त्यांना होता. त्यांना हे ठाऊक नसणार, असे मी गृहीत धरतो. माझ्या अनुभवात, ज्यांच्या पगारातून हे पैसे कापले जातात त्यांतल्या अनेकांना ते कशासाठी कापले जातात हे माहीत नसते.

घरजावई_नव्हे | १ डिसेंबर २०२५

सासू-सासऱ्यांच्या मुद्द्यावर लिहितो, कारण मी तीन वर्षांपूर्वी नेमक्या त्याच कारणासाठी रजा घेतली होती आणि मला ती मिळाली. कारण एवढेच की मी न्यू जर्सीत राहतो.

इथली योजना २००९ मध्ये सुरू झाली, तेव्हा सहा आठवडे मिळत. २०१९ च्या दुरुस्तीने कुटुंबाची व्याख्या रुंद झाली आणि सासू-सासरेच काय, ज्यांच्याशी कुटुंबासारखे घट्ट नाते आहे अशी व्यक्तीही तीत बसू लागली. जुलै २०२० पासून बारा आठवडे सलग, किंवा सुटे ५६ दिवस, आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंत पगाराच्या ८५ टक्के रक्कम मिळते. हा सगळा पैसा कामगारांच्याच पगारातून जमा होतो, मालक त्यात काही घालत नाही. ज्या अर्जावर टेक्सासमध्ये ‘नाते बसत नाही’ असा शेरा पडला, त्याच अर्जावर माझ्याकडे फक्त डॉक्टरांची सही मागितली गेली. (ती घ्यायला मीच विसरलो होतो आणि त्यापायी पहिले पैसे लांबले, तो दोष माझाच.)

माझ्या सासूबाईंना पक्षाघात झाला होता. बायकोने नुकतीच नोकरी बदलली होती, त्यामुळे तिला नोकरी राखणारी रजा लागू नव्हती. म्हणून मी घरी राहिलो. पहिल्या आठवड्यात मी ऑफिससारखे एक वेळापत्रक छापून फ्रिजवर लावले. तिसऱ्या दिवशी ते फाडले, कारण गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला वाटीभर पेज भरवायला पाऊण तास लागतो आणि त्या पाऊण तासात फोन घेता येत नाही, हे मला माहीतच नव्हते. चमचा अर्धाच भरायचा, हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगायची, गिळल्याचा आवाज ऐकायचा आणि मग पुढचा चमचा. दुपारी दोन वाजता लॅपटॉप उघडून ‘बाकीचे काम’ करण्याची माझी कल्पना किती हास्यास्पद होती, ते तेव्हा कळले. घरून काम करता म्हणजे सांभाळणे जमेलच, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा ही वाटी हातात घ्यावी.

शेवंतीताई, थकव्याबद्दल तुम्ही विचारले आहे म्हणून सांगतो. मला त्या आठ आठवड्यांत कोणी विशेष धन्यवाद दिले नाहीत, आणि मला त्यांची आठवणही झाली नाही. दर दोन आठवड्यांनी खात्यात पैसे येत होते, परत जायला खुर्ची होती, रात्री झोप लागत होती. नंतर रजा संपली, मी कामावर गेलो, आणि संध्याकाळी सात ते अकरा तेच काम करू लागलो, तेव्हा मात्र पहिल्यांदा नातेवाइकांचा “तू खरेच मुलासारखे केलेस” हा शब्द ऐकून चिडचिड झाली. काम तेच होते, माणूसही तोच, फक्त वेळ काढून घेतलेला होता.

पाऊसपाणी | २ डिसेंबर २०२५

इथे बहुतेक जण नोकरदार आहेत म्हणून मालकाची बाजू मांडतो. माझी वॉशिंग्टन राज्यात १६ माणसांची कंपनी आहे. शेवंतीताईंच्या यजमानांच्या मालकाला शिव्या घालण्याआधी १६ किंवा ३४ माणसांच्या ठिकाणी एक माणूस बारा आठवडे नसणे म्हणजे काय असते, तेही पाहावे. मोठ्या कंपनीत काम वाटून जाते. माझ्याकडे जी व्यक्ती टेंडरची कागदपत्रे करते तीच एकटी ती करते, आणि ती नसली की मी रविवारी करतो.

हे सांगून झाल्यावर मला कबूल करावे लागेल की २०२० मध्ये इथे पगारी रजेची योजना सुरू झाली तेव्हा मी कडवा विरोधक होतो आणि आज नाही. कारण सरळ व्यावहारिक आहे. २०२५ मध्ये हप्ता पगाराच्या ०.९२ टक्के होता, त्याचा बराचसा भाग कर्मचारी भरतात, आणि पन्नासाहून कमी माणसे असलेल्या मालकाला आपला हिस्सा भरावाच लागत नाही. गेल्या वर्षी माझ्या एका कर्मचारी बाईंच्या वडिलांना कर्करोगाचे निदान झाले. योजना नसती तर दोनच मार्ग होते: त्यांना पगार देऊन घरी बसवायचे, म्हणजे बदलीच्या माणसासाठी पैसे उरणार नाहीत, किंवा बिनपगारी पाठवायचे, म्हणजे त्या महिन्याभरात राजीनामा देतील. प्रत्यक्षात त्यांना पगाराच्या मोठ्या भागाइतके पैसे राज्याकडून आले, त्यांच्या वाचलेल्या पगारात मी तात्पुरता माणूस ठेवला, आणि दहा आठवड्यांनी त्या परत आल्या. माझ्याएवढ्या कंपनीवर त्यांची जागा राखण्याचे कायदेशीर बंधन नव्हते, ही या योजनेतली उणीव आहे. मी राखली, पण सगळेच राखतील असे गृहीत धरून कायदा करता येत नाही.

तेव्हा माझा आक्षेप रजेला नाही. ती रजा कोणाच्या पैशाने, हा प्रश्न प्रत्येक मालकाच्या चांगुलपणावर सोडण्याला आहे. तुमच्या यजमानांचा मालक वाईट माणूस असेलच असे नाही. त्याच्या राज्यात हा भार वाटून घेणारी व्यवस्थाच नाही, एवढे मात्र खरे.

आणि शेवंतीताई, त्या कॉफीच्या कार्डाबद्दल: मीही अशी कार्डे वाटलेली आहेत. ती वाटणाऱ्याला फार बरे वाटते.

दोन_टाइमझोन | २ डिसेंबर २०२५

विषयाला जोडूनच, पण वेगळ्या कोनातून. ज्यांचे आईवडील भारतात आहेत आणि जे पन्नासहून मोठ्या कंपनीत आहेत त्यांनी “आई इथे नाही, मग एफएमएलए कुठली” असे म्हणून अर्ज टाळू नये. रजा नात्यावर ठरते, आजारी माणूस कोणत्या देशात आहे यावर नाही. ज्या देशात उपचार चालू आहेत तिथल्या अधिकृत डॉक्टरांचे प्रमाणपत्र मालकाला स्वीकारावे लागते. मजकूर इंग्रजीत नसेल तर मागितल्यावर भाषांतर आपण द्यायचे. माझ्या आईच्या डॉक्टरांनी कामगार खात्याचा डब्ल्यूएच-३८०-एफ हा अर्ज पाहून आधी विचारले, “यात रुग्णाच्या मुलीने काय काय करायला हवे, हे मी का लिहायचे?” मी म्हटले, तेच तर लिहायचे आहे. प्रमाणपत्र मागितल्यापासून किमान पंधरा दिवस मिळतात, ते भारतातल्या सुट्ट्या धरून अपुरे पडू शकतात, म्हणून अर्ज निघण्याआधीच पाठवून ठेवावा.

मात्र ती रजा बिनपगारी होती. विमानाचे तिकीट, तिथला खर्च आणि इथला घराचा हप्ता एकाच महिन्यात आल्यावर मी बारापैकी पाच आठवडेच घेऊ शकले. उरलेले सात कागदावर माझेच होते.

निवृत्त_कारकून | ३ डिसेंबर २०२५

वरच्या प्रतिसादातल्या शेवटच्या वाक्यावर थोडे लिहायलाच हवे. एफएमएलए संमत होऊन बत्तीस वर्षे झाली आणि या काळात संपूर्ण देशासाठी पगारी काळजी-रजेचा कायदा झालेला नाही. तसे विधेयक २०१३ पासून काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, पुन्हा पुन्हा मांडले जाते आणि पडून राहते. २०२१ मध्ये चार आठवड्यांची पगारी रजा प्रतिनिधिगृहात मंजूरही झाली होती, पण सेनेटमध्ये तो सगळा प्रस्तावच अडला. केंद्र सरकारच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना ऑक्टोबर २०२० पासून बारा आठवडे पगारी रजा मिळते ती बाळाच्या जन्मासाठी, दत्तकासाठी किंवा पालकत्व स्वीकारण्यासाठी. वृद्ध आईसाठी नाही. त्यामुळे सारे काही राज्यांवर आले. न्यूयॉर्कने २०१८ मध्ये, मॅसॅच्युसेट्सने २०२१ मध्ये, ओरेगनने २०२३ मध्ये, कोलोराडोने २०२४ मध्ये पैसे द्यायला सुरुवात केली. मिनेसोटा आणि डेलावेअरची सुरुवात जानेवारी २०२६ ची. एकाच आईच्या दोन मुलांना त्यांनी घर कुठे घेतले यावरून वेगवेगळे उत्तर मिळते, हे तुमच्याच घरात दिसले.

एएआरपी ही ज्येष्ठांची संघटना आणि काळजीवाहकांची राष्ट्रीय संघटना यांच्या २०२५ च्या अहवालानुसार या देशात ६ कोटी ३० लाख प्रौढ माणसे आजारी किंवा अपंग आप्तांची काळजी घेतात. नोव्हेंबर महिन्यात त्यांच्या गौरवाची घोषणा व्हाइट हाउसमधून निघत आली आहे. निवृत्तीपूर्वी मी कंपनीत ती फलकावर लावत असे. तिच्याच खाली नकाराचे अर्ज कोणत्या पेटीत टाकायचे याची सूचना होती, आणि हे मला बावीस वर्षांत एकदाही खटकले नाही, हे लिहिताना आज खटकते आहे.

शेवंती | ९ डिसेंबर २०२५

सर्वांना उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मधल्या आठवड्यात बरेच काही घडले.

नवऱ्याच्या कंपनीतली माणसे पुन्हा मोजली. मालकाची दुसरी फर्म धरूनही ती ४१ भरली, त्यामुळे तो मार्ग संपला. मालकाने शुक्रवारची बिनपगारी सुट्टी मात्र दिली आणि तीही न मागता. पाऊसपाणी यांचे म्हणणे त्यामुळे मला अधिक पटले. माझ्या कंपनीच्या पुस्तिकेत पर्सनल लीव्हचे कलम निघाले, तीस दिवसांपर्यंत. पण जागेबद्दल ‘शक्य असल्यास राखली जाईल’ असे शब्द आहेत आणि विम्याचा सगळा हप्ता मला भरावा लागेल. ‘शक्य असल्यास’ या दोन शब्दांवर सहा वर्षांची नोकरी ठेवायची माझी तयारी नाही. तूर्त सकाळी दोन तास उशिरा जाण्याची परवानगी मॅनेजरकडून लेखी घेतली आहे.

दिरांना फोन करायला मला चार दिवस लागले. रजेची माहिती देणे म्हणजे ‘तुम्ही काही केले नाही’ असे सुनावणे ठरेल, ही भीती होती. शेवटी निवृत्त_कारकून यांचा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवला आणि खाली एवढेच लिहिले, “भाऊजी, तुमची पे-स्टब पाहाल का?” पंधरा मिनिटांत फोन आला. ती कपात त्यांना दर पगाराला दिसत होती आणि कसला तरी राज्याचा कर असावा असे समजून ते तेरा वर्षे पुढचा आकडा वाचत होते. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “वहिनी, मी त्या दिवशी उभा राहून जे बोललो, ते आता आठवले की लाज वाटते.” मी म्हटले, लाज नको, तारीख सांगा.

ते १५ डिसेंबरला येत आहेत. आठपैकी पाच आठवडे आता घेणार आणि तीन पुढे गरज पडली तर राखून ठेवणार. अर्ज रजेच्या पहिल्या दिवसाआधी भरता येत नाही आणि त्या दिवसानंतर ४१ दिवसांच्या आत भरावा लागतो, हे त्यांनीच शोधून काढले. डॉक्टरांच्या कचेरीत मी आधीच सांगून ठेवले आहे. कंपनी मोठी असल्याने त्यांच्या नोकरीचा प्रश्न नाही. जावेच्या बोलण्यात थोडी नाराजी जाणवली, मुलांच्या सुट्ट्या नेमक्या त्याच काळात आहेत; तिचेही चूक नाही.

अनपेक्षित विरोध आला तो सासूबाईंकडून. मुलगा येणार म्हटल्यावर त्या आधी आनंदल्या, आणि रात्री मला हळूच म्हणाल्या, “तो येऊ दे, पण बाथरूमचे तू कर. मुलाला ते कसे सांगायचे?” कायदा सुनेला ओळखत नाही आणि सासूबाईंना मुलगा चालत नाही, अशा कात्रीत आम्ही दोन दिवस होतो. शेवटी फिजिओथेरपिस्टनेच त्यांना समजावले की कमोडपर्यंत नेणारा आणि दाराबाहेर थांबणारा माणूस मुलगा असला तरी काही बिघडत नाही.

काल रात्री दिरांना व्हिडिओ कॉलवर दाखवले: वॉकर कुठे ठेवायचा, कोणता पाय आधी टाकायचा, चालताना कंबरेला बांधायचा पट्टा कसा आवळायचा. ते वहीत लिहून घेत होते. पट्टा किती घट्ट हवा, असे त्यांनी दुसऱ्यांदा विचारले तेव्हा मी बोलण्याआधीच पलंगावरून उत्तर गेले, “दोन बोटे जातील एवढा. आणि मला उचलायचे नाही रे, मी उठते. तू नुसता धर.”